फळ्यावरचं आडनाव

परदेशात स्थिरावलेल्या आपल्या माणसांच्या घोळक्यात तिला सगळे अक्का म्हणत. भावंडांत थोरली म्हणून माहेरी पडलेलं नाव लग्नानंतर तिच्याबरोबर विमानात बसून इथवर आलं होतं. अक्काचं काम कवळ्या करायचं. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि ती मागच्या गल्लीतल्या एका कार्यशाळेत, गॅसच्या बारक्या ज्योतीवर मेण मऊ करत, एकेक दात हिरडीत बसवत असे. नवरा शहराच्या पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. बोलका, हसरा, कुठेही गेला तरी घटकाभरात लोकांचा लाडका होणारा. अक्का बोलायची कमी. पण एखादी गोष्ट तिला खटकली की खटकली. ती गिळून टाकणं तिला कधी जमलं नाही.

गोल्फ तिच्या आयुष्यात आला तो कवळीच्या वाटेने. कार्यशाळेजवळ नगरपालिकेचं एक साधं मैदान होतं. तिथे शिकवणाऱ्या मास्तरांची कवळी सफरचंद खाताना मोडली. संध्याकाळी शिकवणी होती आणि दातांशिवाय मास्तरांचं बोलणं कुणाला कळेना, म्हणून सांधलेली कवळी घेऊन अक्का स्वतःच मैदानावर गेली. मास्तरांनी ती तोंडात बसवली, दोनचारदा चावून पाहिलं आणि खुशीत येऊन तिच्या हातात काठी दिली.

"मारून बघा एक. गंमत म्हणून."

अक्काच्या एप्रनला प्लास्टर लागलेलं, पायात कामावरचे बूट. पहिला चेंडू जागचा हललाच नाही. दुसरा मात्र उंच गेला, सरळ गेला आणि लांबच्या खांबाजवळ जाऊन पडला. मास्तर म्हणाले, "तुमचे हात घाई करत नाहीत. उद्या या."

ती दुसऱ्या दिवशी गेली, आणि मग जातच राहिली. कामावरून सुटली की तासभर मैदान, मग घर. काही वर्षांत ती मास्तरांच्या बरोबरीने खेळायला लागली. नगरपालिकेच्या मैदानावर बायकांना पहिला फटका थोडा पुढून मारायची सोय होती, पण मास्तरांनी तिला सुरुवातीपासून मागून, पुरुष मारतात तिथूनच मारायला लावलं होतं. पुढून मारणं तिला कधी सुचलंही नाही.

नवऱ्याला खेळात रस नव्हता, हिंडण्यात होता. म्हणून त्यांनी एक छान रीत पाडली. दरवर्षी सुट्टी काढायची आणि एखाद्या नावाजलेल्या मैदानावर जायचं. अक्का खेळणार, तो काठ्यांची बॅग ओढत बरोबर चालणार, वाटेत पक्षी बघणार, पिशवीतलं सँडविच खाणार.

पहिलं मोठं मैदान जंगलातलं. उंच झाडांच्या मधून हिरव्या वाटा काढलेल्या, सकाळचं ऊन तिरपं उतरलेलं. अक्काने कितीतरी आधी स्वतःच्या नावाने जागा राखून ठेवली होती. काउंटरवरचा माणूस तिच्याकडे बघून गोड हसला आणि गुण लिहायचं कार्ड त्याने नवऱ्याच्या हातात दिलं.

"बाईंसाठी चहाची खोली डाव्या हाताला आहे. खिडकीतून बाग सुरेख दिसते."

नवरा खोखो हसला. "खेळायला ती आलीये हो. मी हमाल."

काउंटरवालाही हसला आणि मग अक्काही हसली. चालत खेळाच्या जागेपर्यंत पोचेस्तोवर तिला वाटायला लागलं, आपण हसायला नको होतं. कारण त्या माणसाने कार्ड तिला दिलं नव्हतंच. नवऱ्याने ते तसंच खिशात घातलं होतं.

पुढच्या वर्षी वाळूच्या टेकड्यांमधलं मैदान. तिथे बायकांची कपडे बदलायची खोली इमारतीच्या पाठीमागे, स्वयंपाकघराला चिकटून. एक आरसा, एक बाक आणि भिंतीला लावून ठेवलेली बटाट्यांची पोती. नवरा नुसता हात धुवायला पुरुषांच्या खोलीत गेला, तर त्याला कुणीतरी गरम टॉवेल आणून दिला. तो बाहेर येऊन कौतुकाने सांगायला लागला.

"अगं, काय थाट आहे आत. लाकडी कपाटं, चामड्याच्या खुर्च्या."

"मी बटाट्यांत कपडे बदलले," अक्का म्हणाली.

"जुनी इमारत आहे गं. त्यांची तरी काय चूक?"

हे 'त्यांची तरी काय चूक' अक्काच्या डोक्यात जाऊन बसलं. पुढे तिसऱ्या मैदानावर, एका तळ्याच्या काठी, देखरेखीवरचा माणूस त्यांच्याजवळ आला आणि नवऱ्याला म्हणाला, "मागच्या मंडळींना पुढे जाऊ द्या. बाईंना वेळ लागतो." मागचे चौघे गडी छाती काढून पुढे गेले. पहिल्याने चेंडू तळ्यात घातला, दुसऱ्याने झाडीत. मग चौघेही झाडीत वाकून चेंडू शोधत बसले आणि अक्का काठी टेकवून त्यांच्या पाठी बघत ताटकळत राहिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. देखरेखीवाल्याला हाक मारावी म्हणून तिने हात वर केला, तर नवऱ्याने तो हळूच खाली ओढला.

"जाऊ दे ना. सुट्टीवर आलोय आपण."

घरी आली की ती हे सगळं मुलीला फोनवर सांगायची. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती विचारायची, "आई, इतका मनस्ताप होतो तर जातेस कशाला?"

"का नको जाऊ? मैदानं काय त्यांच्या आजोबांनी पेरलीत?"

खरी गोष्ट अशी होती की ती मैदानं तिला मनापासून आवडत. चेंडूसमोर उभं राहिलं की गवताचा वास येतो, वारा कानाला लागतो, आणि फटका मारण्याआधीच्या त्या क्षणात जगातलं कुणीही तिला काही विचारत नाही, काही सांगत नाही. ते सुख इतरांच्या आगाऊपणापायी सोडायची तिची तयारी नव्हती.

मग आलं कड्यावरचं मैदान. सगळ्यांत गाजलेलं. तिथला शेवटचा होल, चेंडू घालायचा अखेरचा खळगा, म्हणजे त्या क्लबाचं भूषण. समुद्राची एक जीभ जमिनीत आत घुसलेली, खाली खडकांवर लाटा फुटतायत, आणि पलीकडे लहानशी हिरवळ. हिरवळीच्या लगेच मागे क्लबाची इमारत आणि बारच्या मोठाल्या खिडक्या. तिथे बसून सभासद दिवसभर बघत असत, किती चेंडू समुद्रात जातात ते; पलीकडून मारणारा कोण, ते मात्र एवढ्या लांबून ओळखू येत नसे. एका फटक्यात चेंडू होलमध्ये घालणाऱ्याचं आडनाव बारमधल्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत चढायचं. फळ्यावर नावं मोजकीच होती.

त्या दिवशी अक्काच्या जोडीला क्लबाचा एक जुना सभासद होता. बस चालवून निवृत्त झालेला, जाडजूड, गुडघ्याने जरा लंगडणारा माणूस. आजवर भेटलेल्या लोकांमध्ये हा पहिला, ज्याने नवऱ्याला न विचारता तिला विचारलं, "कुठली काठी घेताय?"

समोरून वारा होता. अक्काने नेहमीपेक्षा लांब पल्ल्याची काठी घेतली, दम धरला आणि मारला. चेंडू लाटांवरून गेला, वाऱ्यात जरा अडखळल्यासारखा झाला, हिरवळीच्या कडेला टप्पा पडला, मग सावकाश घरंगळत गेला आणि दिसेनासा झाला.

बसवाल्याने टोपी काढून हातात घेतली. "गेला," तो म्हणाला. "आत गेला हो."

 अक्का खाली गवतावरच बसली. नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही व्हा पुढे. तेवढा चेंडू काढा बाहेर. मला उभं राहवत नाहीये."

नवरा पायवाटेने वळसा घालून पळतच पलीकडे गेला. होलपाशी वाकला, चेंडू उचलला आणि वर धरला. बारमधले लोक खिडक्यांशी उभे राहिले होते. टाळ्यांचा आवाज पाण्यावरून अलीकडेपर्यंत आला. आतली घंटा वाजली. आणि अक्काने इकडून स्वच्छ पाहिलं, नवऱ्याने दुसराही हात वर केला आणि खिडक्यांकडे तोंड करून, कमरेत वाकून, त्या टाळ्या स्वीकारल्या.

बसवाल्याने तिचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. त्याला नातीला शाळेतून आणायचं होतं, म्हणून तो बाहेरच्या बाहेर गाडीकडे गेला. अक्का आत जाऊन भिजलेले मोजे बदलून बारच्या दाराशी आली, तेव्हा नवरा काउंटरवर कोपर टेकून उभा होता. त्याच्या हातात कुणीतरी ग्लास दिला होता, आणि तो सांगत होता, "वारा डावीकडून होता ना, म्हणून मग जरा उजवीकडे—"

वारा समोरून होता.

तिला बघून तो थांबला. चेहरा क्षणभर उतरला. मग हसत म्हणाला, "खरं सांगायचं तर हा फटका आमच्या हिचा आहे."

क्लबाचा सेक्रेटरी, ताठ कण्याचा, चापूनचोपून टाय बांधलेला गृहस्थ, त्याने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "बायकोला श्रेय देणारा नवरा. असे फार थोडे." सगळे हसले.

"तो फटका मी मारला," अक्का म्हणाली.

"अर्थात," सेक्रेटरी म्हणाला. "संसारात सगळं दोघांचंच असतं."

पुन्हा हशा झाला. अक्का नवऱ्याकडे बघत राहिली. आता हा बोलेल, आता ग्लास खाली ठेवून नीट सांगेल, म्हणून थांबली. नवरा ग्लासात बघत होता. कुणीतरी फोटो काढला.

परतीच्या वाटेवर गाडी अक्काच चालवत होती. 

"मी सांगितलं की नाही त्यांना?" नवरा शेवटी म्हणाला. "त्यांनी नाही ऐकलं तर मी काय करू?"

"तुम्ही असं सांगितलंत की कुणी ऐकू नये."

"अगं, फळ्यावर फक्त आडनाव लिहितात. आपलं आडनाव एकच आहे ना? मग बिघडलं कुठे?"

"आडनावाच्या आधी 'श्री.' लिहितात. मी वाचलाय फळा." तिने गाडीचा वेग कमी केला. "आणि आडनाव तुमचं आहे. ते मला लग्नात मिळालं. फटका मला लग्नात मिळालेला नाही."



एवढ्यावर निभावलं असतं तर एकवेळ घरातलं घरात राहिलं असतं. पण क्लबाने तो फोटो आपल्या संकेतस्थळावर टाकला. वर धरलेला चेंडू, खाली नवऱ्याचं हसू. कुणीतरी तो नवऱ्याच्या ऑफिसात दाखवला, आणि तिथल्या संचालकांना गोल्फचं वेड. त्यांनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं, लपून बसलेला हिरा वगैरे म्हणाले, आणि वीज खात्याशी होणाऱ्या सामन्यात त्याला आपल्या संघात घेऊन टाकलं. नवऱ्याने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण संचालकांनी इतकं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं की खाली उतरायचं कसं ते त्याला सुचेना.

इकडे नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादाने नाव काढलं हो आमचं. या वयात एवढा मोठा खेळ. त्याच्या खाण्यापिण्याकडे नीट लक्ष देत जा तुम्ही."

अक्काने फोन नवऱ्याच्या हातात दिला. "बोला, तुमच्या बहिणीला तुमची काळजी वाटतेय." आणि ती दाणदाण पावलं टाकत बाहेर गेली. आतून तिला नवऱ्याचा आवाज ऐकू येत राहिला, "नाही गं, तसं काही नाही, म्हणजे झालं असं की..." आणि झालं कसं ते काही त्याच्या तोंडून बाहेर पडेना.

दुसऱ्या दिवशी तिने क्लबाला फोन लावला. सेक्रेटरीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, फळा रंगवून झालेला आहे. ज्याचं नाव आहे त्याने स्वतः येऊन सांगितलं तरच ते बदलता येतं, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही.

"दुसरी कोण? मी?"

"नियम सगळ्यांना सारखाच आहे, बाई."

त्याच आठवड्यात दुपारच्या सुट्टीत नवरा तिच्या कार्यशाळेत आला. एरवी तो तिथे कधी यायचा नाही. मेणाच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं. अक्का दिव्याखाली एक खालची कवळी जुळवत होती. तो शेजारच्या स्टुलावर बसला, एक सुटा दात बोटांत घेऊन फिरवत राहिला.

"मला थोडं शिकव," तो म्हणाला. "फार नाही. सामन्यात लाज राखण्यापुरतं."

"कुणाची लाज?"

त्याने दात दुसऱ्या हातात घेतला.

"काठी कशी धरायची ते मी शिकवेन," अक्का म्हणाली. "पण आधी तिकडे यायचं. त्याच बारमध्ये, त्याच लोकांसमोर उभं राहून सांगायचं."

"सगळ्यांसमोर? मी फोन करून सांगतो की त्यांना."

"कौतुक फोनवर घेतलं होतंत का?"

"तू अगदी माझी धिंड काढणार."

अक्काने हातातली सुरी खाली ठेवली. "इतकी वर्षं कार्ड तुमच्या हातात दिलं लोकांनी. तुम्ही खिशात घातलंत. मी म्हटलं, चला, परके लोक आहेत. बटाट्यांत कपडे बदलले. मूर्ख लोकांना पुढे जाऊ दिलं. तुम्ही म्हणालात, त्यांची काय चूक. ठीक आहे, त्यांची चूक नाही. पण तो हात तुम्ही वर केलात. तो परक्याने केला नव्हता. तो दात खाली ठेवा, एका आजींचा आहे."

नवऱ्याने दात ठेवला आणि निघून गेला. काही दिवस गेले. मग एकदा जेवताना, ताटावरून मान वर न करता तो म्हणाला, "शनिवारी जाऊ."

अक्काने बसवाल्यालाही बोलावून घेतलं होतं. शनिवारी दुपारी बार भरलेला होता. फळ्यावर नवं सोनेरी आडनाव चकचकत होतं. नवरा त्याच्याखाली उभा राहिला. 

"वर लिहिलंय तो फटका माझा नाही," तो म्हणाला. "मी जन्मात काठी हातात धरलेली नाही. तो माझ्या बायकोने मारला. मी फक्त चेंडू उचलला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मी गप्प बसलो, कारण मला त्या टाळ्या आवडल्या."

कुणी हसलं नाही. बसवाला मागून म्हणाला, "मी साक्षीला होतो. बाईंनी मागच्या जागेवरून मारला, माझ्या शेजारी उभं राहून. माझा चेंडू समुद्रात गेला होता."

सेक्रेटरीच्या चेहऱ्यावरची स्निग्धता पार आटली. तो नवऱ्याकडे वळला. क्लबाची दिशाभूल झाली, असं म्हणाला. नाव पुसलं जाईल, आणि यापुढे त्याने या क्लबात येऊ नये हे बरं. नवरा कानशिलापर्यंत लाल झाला, पण मान हलवून त्याने ते मान्य केलं. अक्काला त्याची दया आली नाही. फक्त एवढं वाटलं की तो आता सरळ उभा आहे.

"आणि माझं नाव कधी लिहिताय?" तिने विचारलं.

"त्याचा समितीला विचार करावा लागेल," सेक्रेटरी म्हणाला. "हा फळा पहिल्यापासून पुरुषांचा आहे. बायकांचा वेगळा फळा नाही. तशी कधी गरजच पडली नव्हती."

"आता पडली."

"तुमच्या भावना मी समजू शकतो."

"मी भावनांबद्दल बोलत नाहीये. मी फटक्याबद्दल बोलतेय. ज्याने मारला नाही त्याचं नाव तुम्ही न विचारता लिहिलंत. जिने मारला तिचं लिहायला तुम्हाला समिती लागते."

सेक्रेटरीने घड्याळात पाहिलं. त्याची कुठेतरी गाठभेट ठरली होती म्हणे.

आडनावावर तपकिरी रंगाचा पट्टा ओढला गेला. बसवाल्याने समितीपुढे विषय मांडला. बहुमताने तो बाजूला ठेवला गेला. त्या दिवसापासून बसवाल्याने त्या बारमध्ये पाऊल टाकलं नाही. खेळतो तिथेच, पण खेळून झालं की सरळ गाडीत बसतो.

नवऱ्याने सोमवारी संचालकांना आपणहून सगळं सांगितलं. संचालक हसले, पण संघातून काढलं, आणि ऑफिसातले लोक पुढे कितीतरी दिवस त्याला जाता येता टाळ्या वाजवून दाखवत. त्याने ते मुकाट्याने सोसलं. नणंदेलाही त्याने स्वतः फोन केला. ती म्हणाली, "असू दे रे, घरातच राहिलं ना?" त्यावर तो म्हणाला, "घरात नाही राहिलं गं, तिचं होतं, मी उचललं." हे अक्काने स्वयंपाकघरातून ऐकलं. आता तो मास्तरांकडे शिकायला जातो. त्याचे हात भलतीच घाई करतात, असं मास्तरांचं मत आहे.

मुलगी अधूनमधून विचारते, "आई, बाबांवरचा राग गेला का गं?"

"बाबांवरचा गेला बराचसा," अक्का सांगते. "बाकीच्यांवरचा आहे तसाच आहे."

परवा कड्यावरच्या क्लबातून तिला कार्यशाळेत फोन आला. सेक्रेटरीच होता. बायकांसाठी ते एक खास दिवस ठेवतायत, म्हणाला. पुढच्या जागेवरून खेळायचं, प्रत्येकीला फूल आणि चहा क्लबाकडून. अक्काने यावं अशी सगळ्यांची फार इच्छा आहे.

"फळ्याचं काय झालं?" अक्काने विचारलं.

"तो विषय सध्या समितीपुढे नाही."

"मग तो आला की कळवा," अक्का म्हणाली. "चहा मी घरी पिते."

तिने फोन ठेवला, ज्योत मोठी केली आणि पुढच्या कवळीचं मेण हातात घेतलं. क्लबाने अजून काही कळवलेलं नाही.